गुंतवळ: जठरातला केसांचा गोळा आणि जागा चुकलेलं आतडं

पार्श्वभूमी

मुलगी १२ वर्षांची, सहावीत शिकणारी. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, बिऱ्हाड बांधलं जातं आणि गुढीपाडव्याच्या पुढेमागे माणसं परत येतात. धाकटा भाऊ आई-वडिलांबरोबर फडावर जायचा. मुलीची शाळा बुडू नये म्हणून तिला आजीजवळ ठेवलेलं. चार हंगाम असंच चाललं होतं.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण निर्णय जसे घेतले तसेच सांगतो. चुकलेलेही.

फेब्रुवारीत आजी तिला घेऊन आल्या. तक्रार त्यांच्याच शब्दांत: "दोन घास खाती अन् ताट सरकावती. वरून काही दिलं की ओकारी. अंगाला काहीच लागत नाही लेकराच्या." आठ महिन्यांत तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. एका ठिकाणी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. दुसरीकडे जंताचं औषध. तिसरीकडे सोनोग्राफी झाली, तिच्या कागदावर "पोटात गॅस असल्याने जठराचा भाग नीट दिसत नाही" एवढंच होतं, आणि आम्लपित्ताचं पातळ औषध दिलेलं होतं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळीही ती घेत होती. तरी हिमोग्लोबिन ६.८ आणि वजन २४ किलो.

त्या सोनोग्राफीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण यात पुष्कळ जण फसतात. जठरात केसांचा गोळा असला तर सोनोग्राफीत पुढच्या बाजूला एक चकचकीत कमान दिसते आणि तिच्यामागे सगळा अंधार. केसांच्या जाळ्यात अडकलेली हवा लाटा परतवते. साधा गॅसही जवळजवळ असाच दिसतो. फरक एवढाच की गॅस हलतो. मुलीला कुशीवर वळवलं, थोडं पाणी पाजलं आणि तासाभराने पुन्हा पाहिलं, तरी तीच कमान तिथेच असेल तर तो गॅस नव्हे.

पहिला निर्णय, आणि तो चुकला कुठे

टेबलावर झोपवून पोट पाहिलं. डाव्या फासळ्यांखालून बेंबीपर्यंत गुळगुळीत, टणक गोळा. इकडून तिकडे थोडा सरकणारा. दुखत नव्हता. प्लीहा असेल का, मूत्रपिंडाची किंवा यकृताची गाठ असेल का, असे विचार ओळीने आले. मग एक गोष्ट हाताला जाणवली. बोटाने जरा दाबून धरलं की गोळा तिथे दबायचा आणि खड्डा क्षणभर तसाच राहायचा, ओल्या कापसात बोट रुतावं तसा. मांसाची गाठ अशी दबत नाही.

तेव्हा केसांची शंका आली. मी तिला विचारलं, "केस उपटतेस का गं?" तिने मान हलवली, नाही. आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही वो, केसाला हात लावत नाही ती." मी भांग पाडून पाडून डोकं पाहिलं. दाट बॉबकट, कुठेही विरळ जागा नाही, तुटके खुंट नाहीत. भुवया, पापण्या शाबूत. मी केसांची शक्यता यादीत खाली टाकली आणि गाठीच्या तपासासाठी सीटी स्कॅन लिहून दिला.

ती खोटं बोलली नव्हती. आजीही नाहीत. प्रश्न मी चुकीचा विचारला होता. त्याबद्दल पुढे.

सीटीमध्ये काय दिसलं

जठराच्याच आकाराचा, जठर भरून टाकणारा गोळा. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी हवेची छिद्रं, भिंतीपासून सुटा, सभोवती औषधी द्रवाची बारीक किनार. शेपूट ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, उतरलेली. अहवालाच्या शेवटच्या ओळीत निदान: केसांचा गोळा. दुसरं काही नाही.

अशा गोळ्याला वैद्यकात बेझोअर म्हणतात. शब्द मूळचा फारसी, 'पादझहर', म्हणजे विषावरचा उतारा. एके काळी बकऱ्यांच्या पोटातले असे खडे विष उतरवण्यासाठी जपून ठेवत. केसांच्या गोळ्याची शेपूट जठराबाहेर लहान आतड्यात गेली की त्याला रॅपन्झेल सिंड्रोम म्हणतात, जर्मन लोककथेतल्या लांब वेणीच्या मुलीवरून. हे नाव १९६८ मध्ये पडलं. केस पचत नाहीत, कारण केरॅटिन मोडणारा पाचकरस आपल्याकडे नाही. शिवाय ते गुळगुळीत असतात. जठर आकुंचन पावून पुढे ढकलू पाहतं आणि केस निसटून वळ्यांत अडकून राहतात. एकाला दुसरा गुंततो, त्यात अन्न आणि चिकट स्राव बसतो, आणि दोनतीन वर्षांत जठराचा साचा तयार होतो. त्याच्या घासण्याने जखमा होऊन रक्त झिरपतं, प्रथिनं गळतात, भूक मरते. गोळ्या घेऊनही तिचं हिमोग्लोबिन का वाढेना, याचं उत्तर इथे होतं. तिचं अल्ब्युमिनही, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, २.६ वर आलेलं.

निदान मिळालं म्हणून सगळे निवांत झालो. मला एवढंच पाहायचं होतं की शेपूट नेमकी कुठे संपते, म्हणून संध्याकाळी रेडिऑलॉजिस्टबरोबर फिल्म पुन्हा लावली. शेपटीमागे डोळा नेत गेलो. ड्युओडेनम मणक्यासमोरून आडवं होऊन डावीकडे वर चढायला हवं. ते उजवीकडेच सरळ खाली उतरत होतं. मग आम्ही दोघांनी बाकीचं पाहिलं. लहान आतड्याची वेटोळी सगळी उजवीकडे. मोठ्या आतड्याची सुरुवात उजव्या कुल्ह्याजवळ असते, ती वर मध्यरेषेपाशी. आतड्याला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीच्या उजवीकडे जी शीर असायची, ती डावीकडे.

आतड्याची जागा जन्मापासून चुकलेली होती. गर्भात सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडं नाळेत बाहेर येतं, दहाव्या आठवड्याच्या आसपास परत पोटात जातं, आणि त्या प्रवासात घड्याळाच्या उलट्या दिशेने २७० अंश फिरतं. हे फिरणं अर्धवट राहिलं की आतडं पाठीमागच्या भिंतीला रुंद पट्टीने बांधलं जात नाही, एका अरुंद देठावर लोंबतं. त्या देठातूनच त्याचा रक्तपुरवठा जातो.

फिल्म पुन्हा पाहिली नसती तर हे पोट उघडल्यावरच कळलं असतं, किंवा छोट्या छेदातून गोळा काढून मी पोट बंद केलं असतं आणि ते कळलंच नसतं. केसांचा गोळा पाहिल्यावर माणसाचं पाहणंच थांबतं. अहवाल लिहिणाऱ्याचं थांबलं, माझंही थांबलंच होतं.

आई आल्यावर

संमतीसाठी आई किंवा वडील हवे होते. आई पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावरून रात्रभर एसटीने प्रवास करून आली. मी तिला आधी केसांबद्दल विचारलंच नाही. विचारलं, "लहानपणी हिरवी उलटी कधी झाली होती का?"

ती लगेच म्हणाली, हो. दोनतीन वर्षांची असल्यापासून. मधूनच पोट धरून गुडघे छातीशी घेऊन पडायची, हिरवंगार ओकायची, दुसऱ्या दिवशी खेळायला लागायची. वर्षातून दोनदा-तीनदा. दरवेळी जंत समजून औषध दिलं, एकदा दृष्टही काढली. म्हणजे आतड्याला अधूनमधून पीळ पडत होता आणि आपोआप सुटत होता. आजीकडून हे आम्हाला कळलंच नसतं, कारण त्या वयात मुलगी आईबरोबर फडावर असायची.

या माहितीने पुढचा सगळा विचार बदलला.

पर्याय

केस विरघळवणं शक्य नव्हतं. फळांच्या चोथ्याचे गोळे कोलासारख्या पेयांनी किंवा एंझाइमने विरघळल्याची उदाहरणं आहेत, केसांवर त्याचा उपयोग होत नाही.

दुर्बिणीने तोंडावाटे काढणं हे नातेवाइकांना हवं असतं. पोटावर व्रण नको, मुलीची जात आहे, हे मला प्रत्येक वेळी ऐकवलं जातं आणि त्यांची काळजी मला समजते. पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०८ रुग्णांच्या आढाव्यात दुर्बिणीचा प्रयत्न झालेल्या ४० जणांपैकी दोघांतच तो साधला होता. गोळा मोठा आणि घट्ट असतो. तुकडे करताना एखादा पुढे सरकून आतडं बंद करू शकतो, आणि दरवेळी दुर्बीण आत-बाहेर केल्याने अन्ननलिका सोलवटते. तिच्या शेपटीला तर दुर्बीण पोहोचलीच नसती. लॅपरोस्कोपीचाही, म्हणजे पोटावर छोटी छिद्रं पाडून करायच्या शस्त्रक्रियेचाही, विचार केला. गोळा पोटाच्या पोकळीत सांडू न देता बाहेर काढायला शेवटी मोठा छेद लागलाच असता, आणि आतड्याचं काम वेगळंच होतं.

खरा प्रश्न आतड्याचा. तीन वाटा होत्या. काहीच करू नये. दोन महिन्यांनी, प्रकृती सुधारल्यावर दुसरी शस्त्रक्रिया करावी. किंवा त्याच बैठकीत दोन्ही उरकावं. एकत्र करण्याविरुद्ध मुद्दा असा की जठर उघडल्यावर पोट निर्जंतुक राहत नाही, मुलगी अशक्त, टाके भरायला प्रथिनं नाहीत. पुढे ढकलण्याविरुद्ध मुद्दा असा की हे कुटुंब पुढच्या हंगामाआधी परत येईलच याचा भरवसा कुणालाच देता येत नव्हता, त्यांनाही नाही. आणि पूर्ण पीळ पडला तर आतडं काही तासांत काळं पडतं. त्यांच्या वस्तीपासून आमच्यापर्यंत यायलाच अडीच तास लागतात.

आईला मी शिंक्याचं चित्र काढून दाखवलं. चार दोऱ्यांनी ताणून बांधलेलं शिंकं फिरत नाही. एकाच दोरीवर टांगलं तर जाता-येता धक्का लागला तरी गिरकी घेतं. तिने चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "एकदाच करा. परत परत तिला कापू नका."

काय केलं

पाच दिवस थांबलो. एक पिशवी रक्त हळूहळू दिलं, पातळ प्रथिनं थोडी थोडी वाढवत नेली. अनेक महिने उपाशी असलेल्या शरीराला एकदम अन्न दिलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम कोसळतं, म्हणून रोज तपासत होतो. जठर भरलेलं असल्याने भूल देताना उलटी फुप्फुसात जायचा धोका होता. भूलतज्ज्ञांनी त्याची वेगळी तयारी ठेवली.

छेद मध्यरेषेत घेतला. जठराभोवती ओले पॅड रचले आणि पुढच्या भिंतीवर साधारण ७ सेंटीमीटर चीर दिली. गोळा जसाच्या तसा बाहेर आला, जठराचा साचा, काळाकुळकुळीत. केस कुठल्याही रंगाचे असोत, आम्लात ते काळेच पडतात. कुजलेल्या अन्नाचा वास थिएटरभर. शेपूट ओढताना घाई करून चालत नाही. परकराच्या नेफ्यातली नाडी एका टोकाने ओढली की कापडाला चुण्या पडतात, तसं आतडं शेपटीवर गोळा होतं आणि आतल्या कडेने कापलं जातं. एका हाताने ओढ, दुसऱ्याने आतडं मागे सारत जाणं, असं करत ६० सेंटीमीटर सुटली. गोळ्याचं ओलं वजन ७१० ग्रॅम. सुटा तुकडा राहू नये म्हणून लहान आतडं पूर्ण चाचपलं. एक लिंबाएवढी गाठ पुढे सापडली, ती मागे सरकवत जठराच्या चिरेतून काढली.

जठर शिवलं, पोट धुतलं, हातमोजे आणि हत्यारं बदलली. मग आतड्याकडे वळलो. मोठ्या आतड्याच्या टोकापासून उजव्या भिंतीकडे जाणारे पडद्यासारखे पट्टे ड्युओडेनमवरून गेले होते आणि त्याला दाबत होते. देठाची रुंदी जेमतेम चार सेंटीमीटर. बोस्टनचे बालशल्यचिकित्सक विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये लिहिलेली रीत आजही तीच आहे: पट्टे कापायचे, देठ उलगडून रुंद करायचं, लहान आतडं उजवीकडे आणि मोठं डावीकडे ठेवायचं. आतडं 'बरोबर' जागी न्यायचं नाही, हे घरच्यांना समजावणं जड जातं. अपेंडिक्स काढलं, कारण ते आता डावीकडे राहणार होतं आणि उद्या सुजलं तर कुणाला ओळखू आलं नसतं.

थिएटरबाहेर मोबाइल निघाले. 'मुलीच्या पोटातून पाऊण किलो केस' ही बातमी व्हायला वेळ लागत नाही, आणि तालुक्याच्या गावात वय आणि वस्ती एवढं छापलं तरी मुलगी कोण ते शाळेत कळतं. मी फोटो काढू दिला नाही. आमच्या नोंदीसाठी एक काढला, तोही नुसत्या ट्रेचा. गोळा फक्त आईला दाखवला, तिने मागितला म्हणून.

गुंतवळ

ट्रेमध्ये पाहताना सिस्टरच्या लक्षात आलं, माझ्या नाही. टोकाशी सुटलेले केस हातभर लांब होते. मुलीला तिसरीत उवा झाल्या तेव्हापासून बॉबकट होता. हे तिचे केस नव्हतेच.

आजींना वेगळ्या खोलीत बसवून सिस्टरने विचारलं, "आजी, विंचरलेली गुंतवळ घरात कुठं ठेवता?" पत्र्याच्या डब्यात, फडताळावर. केसांवर भांडी देणारा येतो, त्याच्यासाठी सगळ्या साठवतात. आजी थोड्या थांबून म्हणाल्या, डबा कधी भरायचाच नाही, उंदीर नेत असतील असं वाटायचं.

त्या डब्यात आजीचे, चुलतीचे आणि आईचे केस असायचे. मुलीने समुपदेशक ताईंना तिसऱ्या भेटीत सांगितलं: आई गेली की रात्री ती आईचे केस निवडून घ्यायची. "तेलाचा वास येतो आईच्या." आधी नुसते जवळ धरायची, मग तोंडात.

परिणाम

चार दिवस नाकातली नळी, पाचव्या दिवशी पाण्याचे घोट. सहाव्या दिवशी जखमेत पू झाला, दोन टाके उघडावे लागले. जठर उघडलेल्या शस्त्रक्रियेत हे होतं, त्यात अल्ब्युमिन कमी. तेराव्या दिवशी घरी गेली. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४, वजन ३१ किलो. हिरवी उलटी त्यानंतर एकदाही नाही.

मनाचं काम इतकं सरळ झालं नाही. आठवड्यातून एकदा येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांच्या तारखा आणि कुटुंबाची कामं जुळेनात. ताईंनी फोनवरून पाठपुरावा ठेवला. केस तोंडाकडे जाण्याआधी हाताला काय होतं ते तिला ओळखायला शिकवलं, तेव्हा मूठ आवळायची आणि खिशातले फुटाणे खायचे. गुंतवळ त्याच दिवशी चुलीत घालायची, असं आजींशी ठरलं. दिवाळीनंतर, आई-वडील निघायच्या आठवड्यात, भावाला तिच्या उशीखाली केसांची गुंडाळी सापडली. आईने फोन केला. दुर्बिणीने तपासलं, जठर स्वच्छ होतं. त्या हंगामात आई गेली नाही. घेतलेली उचल फेडायला वडील आणि चुलता गेले. ही किंमत आमच्या कुठल्याही कागदावर येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

माझा पहिला प्रश्न "केस खातेस का?" असाही असायला नको होता. आजीसमोर, आरोपासारखा विचारलेला कुठलाही प्रश्न 'नाही'वरच संपतो. आता मी माती, खडू, पाटीवरची पेन्सिल यांपासून सुरुवात करतो. रक्त कमी असलेली पुष्कळ मुलं असं काही ना काही खातात, असं आधी मीच सांगतो, आणि केस त्या यादीत सहज येऊ देतो. मोठ्यांना गुंतवळीबद्दल स्वतंत्र विचारतो. डोक्यावर विरळ जागा नाही म्हणजे केस खात नाही, हा निष्कर्ष मी काढायला नको होता.

समुपदेशक ताईंना शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी बोलावलं. शस्त्रक्रियेआधीचे पाच दिवस मुलगी वॉर्डात नुसती पडून होती. ओळख व्हायला तो वेळ मिळाला असता.

सीटीच्या विनंतीवर मी 'पोटात गोळा' एवढंच लिहिलं होतं. वारंवार उलट्या लिहिल्या असत्या, तर पाहणाऱ्याने आतड्याची ठेवणही तपासली असती असं मला वाटतं. एकाच बैठकीत दोन्ही कामं केल्याने जखम चिघळली का, हे मी आजही सांगू शकत नाही. याच कुटुंबासाठी पुन्हा ठरवायचं झालं तर मी तेच ठरवेन. दवाखाना दहा मिनिटांवर असलेल्या घरासाठी कदाचित नाही.

शस्त्रक्रियेनंतर पोटात आतडी एकमेकांना चिकटू शकतात आणि त्यामुळे पुढे कधीही आतडं अडकू शकतं, म्हणून तिच्या कार्डावर आतड्याचं चित्र काढून दिलंय: लहान उजवीकडे, मोठं डावीकडे, अपेंडिक्स काढलेलं. कार्डाच्या दोन प्रती केल्या. एक आजीच्या डब्यात असते, त्याच पत्र्याच्या. दुसरी मुलीच्या दप्तरात.